किरणं मारलेला कांदा आणि खिळ्यावरचा शर्ट

"तो किरणं मारलेला कांदा आपल्याला नको बाबा," तात्या म्हणाले आणि विषय संपल्यासारखे त्यांनी हात झटकले.

तात्या म्हणजे माझे चुलते. निफाड तालुक्यात त्यांची चार एकर द्राक्षबाग, उरलेल्या रानात उन्हाळ कांदा. लासलगाव तिथून गाडीवर वीस मिनिटं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभं केलेलं 'कृषक' केंद्र वीसहून अधिक वर्षं आहे. तिथे कांद्याला गॅमा किरण दिले की साठवणीच्या चाळीत त्याला कोंब येत नाहीत. कधी माल नेऊन पाहिलात का, एवढंच मी विचारलं होतं.

उत्तर देताना तात्या शेडमध्ये पोटॅशच्या गोणीवर बसले होते. पायाशी बादली, तीत बाभळीच्या काडीने ढवळलेलं पांढरट औषध. नोझल तुंबलं होतं. त्यांनी ते काढलं, मांडीवर पुसलं, तोंडाला लावून फुंकलं आणि परत बसवलं. मागे खिळ्यावर फवारणीचा शर्ट टांगलेला, आठवडाभर न धुतलेला. "उद्या परत तेच अंगावर येणार, धुवायचा कशाला?"

किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र त्या शेडमध्ये फिरवलं असतं, तर ते सगळ्यात जास्त टिकटिकलं असतं तात्यांच्या बुडाखालच्या गोणीपाशी. पोटॅशियम कुठलंही असो, खतातलं, केळ्यातलं की आपल्या रक्तातलं, त्याचा एक अगदी छोटा हिस्सा निसर्गतःच किरणोत्सारी असतो. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात असे चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला फुटत असतात. गोणीत पोटॅशियम ठासून भरलेलं, म्हणून टिकटिक जास्त. त्याने तात्यांचं काही बिघडत नाही, मात्रा फारच किरकोळ आहे. बादली आणि शर्टापाशी मात्र यंत्र जवळपास गप्प राहिलं असतं.

आधी शब्दांबद्दल थोडं. कीटकनाशकाला आपल्याकडे गावोगाव 'औषध' म्हणतात. औषधाचं दुकान, औषधाचा पंप, "आज औषध मारायचंय." माणसाने आयुष्य संपवलं तरी आपण "औषध घेतलं" म्हणतो आणि तेव्हाही हा शब्द कानाला खटकत नाही. उलट 'किरणोत्सर्ग' हा शब्द वर्तमानपत्रातून आला, तो हिरोशिमाच्या आणि चेर्नोबिलच्या फोटोंसोबतच. एक शब्द बरं करणारा, एक मारणारा. भीती निम्मी तिथेच ठरून जाते.

आता कांद्याचं. केंद्रात कोबाल्ट-६० नावाचा किरणोत्सारी धातू असतो, पोलादी नळ्यांत बंद केलेला. काम नसताना तो खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात, कारण पाणी किरण अडवतं. काम सुरू झालं की तो वर येतो, जाड काँक्रीटच्या भिंतींच्या आत. कांद्याचे क्रेट त्याच्याभोवतून फिरून बाहेर पडतात. कोबाल्ट कांद्याला शिवत नाही.

इथे एक फरक समजला की बाकीचं सोपं होतं. कांद्यावर ऊन पडणं वेगळं आणि राख पडणं वेगळं. उन्हात वाळवलेला कांदा रात्री घरात आणला, तर तो घरात ऊन सांडत नाही. राख मात्र सोबत येते, हाताला लागते, भाकरीत जाते. गॅमा किरण हे ऊन आहे. कांदा बाहेर आला की संपलं. या किरणांची ताकद कांद्यातल्या अणूंच्या गाभ्याला किरणोत्सारी करण्याइतकी नसते. अणुभट्टी फुटून किरणोत्सारी सीझियमची धूळ शेतावर बसली तर ती राख. आणि फवारलेलं औषध ही कायम राखच असते. म्हणून तर औषध मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे डब्यावर छापावं लागतं.

मग किरणांनी होतं काय? कोंबाच्या जागी ज्या पेशी भराभर वाढणार असतात, त्यांच्या डीएनएला इजा होते आणि त्यांचं विभाजन थांबतं. कांद्याला त्यासाठी साधारण ६० ग्रे मात्रा लागते; ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप. माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम चार-पाच ग्रे मिळाले तर जीव वाचणं कठीण. ही तुलना ऐकून माणूस दचकतो, आणि दचकणं बरोबरच आहे. त्या खोलीत कोबाल्ट वर असताना कोणी जाऊ नये म्हणूनच तर एवढ्या भिंती. पण कांदा काही आत बसून राहत नाही, आणि आपण खातो तेव्हा किरण तिथे नसतात. ६० ग्रेने कांदा तापतो तो अंशाच्या शंभराव्या भागाइतकाच.

कांदा सडणं मात्र किरणांनी थांबत नाही. जखमी, ओला कांदा चाळीत सडायचा तो सडतोच. शिवाय काढणीनंतर थोड्याच दिवसांत माल न्यावा लागतो, वाहतूक, हमाली, परत चाळीत भरणं. बाजारभावाचा भरवसा नसताना एवढा उपद्व्याप कोण करील? तात्यांनी हे कारण सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आंब्याने हे गणित जमवलं. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा बंद केला होता. तो २००७ मध्ये परत सुरू झाला, तेव्हा हापूसच्या पेट्या लासलगावलाच आल्या. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांचा बंदोबस्त म्हणून किमान ४०० ग्रे मात्रा. त्याआधी जगभर फळांतल्या किडीसाठी इथिलीन डायब्रोमाइडचा धूर देण्याची पद्धत होती. तो धूर कर्करोगाच्या धोक्यामुळे अमेरिकेनेच १९८४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केला.

बहुतेक वेळा आपल्यापुढे निवड असते ती 'किरण की काहीच नाही' अशी नव्हे, तर 'किरण की रसायन' अशी. वेफर्सच्या बटाट्याला शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून क्लोरप्रोफामचा धूर देतात, त्याबद्दल घरात कधी चर्चा ऐकलीय? मसाल्यांचंही तसंच. मिरची-हळदीतले जंतू मारायला वाशीच्या केंद्रात गॅमा किरण देण्याची सोय आहे. दुसरा मार्ग इथिलीन ऑक्साइड वायूचा. हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवायला लावली ती याच वायूच्या अंशापायी. किरण दिलेल्या पाकिटावर फुलासारखी हिरवी खूण छापावी लागते आणि ती पाहून गिऱ्हाईक पाकीट परत ठेवतं. वायू दिलेल्या मालावर अशी काही खूण नसते.

आता बादलीकडे. नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. हुकूम पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) तो लगेच पुसून टाकतं. शाळेतल्या फळ्यासारखं: लिहिलं, वाचलं, पुसलं, पुढचं लिहिलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं फळा पुसायचं डस्टरच पळवतात. मग फळ्यावर अक्षरावर अक्षर चढत जातं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, समोरचं धूसर दिसतं, छातीत घरघर लागते, मांसपेशी आपोआप फडफडतात. शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात ते हा गोंधळ आवरायला.

किडीच्या अंगातही हेच विकर असतं. म्हणून तर औषध लागू पडतं.

यातली कपटी गोष्ट वेळेची आहे. शरीर नवं विकर तयार करतं, पण पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. सोमवारी फवारलं, थोडं डोकं दुखलं. मंगळवारी परत, बुधवारी परत. दर दिवशी डस्टर कमी. मग गुरुवारी तेवढ्याच औषधाने माणूस बांधावर कोसळतो आणि लोक म्हणतात, "कालपर्यंत ठीक होता, ऊन लागलं असेल."

यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जिल्ह्यात आठशेच्या आसपास माणसं दवाखान्यात गेली, विसाहून अधिक दगावली. बरेचसे रोजंदारीवर फवारणी करणारे मजूर. त्या वर्षी कपाशी छातीच्या, कुठे डोक्याच्याही वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली पडायच्या ऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट, वारा पडलेला. बॅटरीच्या पंपाचा फवारा जास्त बारीक. बोंडअळीच्या धास्तीने तीन-तीन, चार-चार औषधं आणि वर 'टॉनिक' एकाच पंपात. मग दवाखान्यात नेमकं कशावर उपचार करायचे, हे डॉक्टरांना तरी कसं कळणार?

औषध अंगात जातं ते मुख्यतः कातडीतून, तोंडातून नव्हे. अमेरिकेत काही दशकांपूर्वी पॅराथिऑनवर प्रयोग झाले, त्यांत हाताच्या कोपराखालच्या भागावर लावलेल्यापैकी जेमतेम नऊ टक्के अंगात शिरलं, कपाळावरून सुमारे छत्तीस टक्के, आणि जांघेतल्या नाजूक कातडीतून जवळपास सगळंच. आता ओल्या कपाशीतून चालणाऱ्या माणसाची पँट आठवा, मांड्यांपर्यंत भिजलेली. पंपाचं झाकण गळतं, धार पाठीवरून कमरेकडे जाते. तोंडाला बांधलेला रुमाल सुरुवातीला थोडा आडोसा देतो. एकदा भिजला की तोच औषध नाकाशी धरून ठेवतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बहुतेकांना माहीत आहे: लाल, पिवळा, निळा, हिरवा, सगळ्यात जहाल ते लाल. पण हा त्रिकोण मुख्यतः औषध एकदा पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती मारक, यावर ठरतो. पाचव्या दिवशी भिजलेल्या पँटमध्ये काय होईल, हे तो सांगत नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी. निर्धोक नव्हे.

द्राक्षवाल्यांची आणखी एक खासियत. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला 'पेस्ट' लावतात. ते असतं हायड्रोजन सायनामाइड. बायामाणसं फडकं बुडवून हाताने काडी-काडीला लावत जातात. पेस्ट लावलेल्या दिवशी कोणी संध्याकाळी दारू घेतली, तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, घेरी. कारण हे रसायन यकृतात दारू पचवायच्या कामातच खोडा घालतं. बागेतल्या जुन्या माणसांना हे अनुभवाने ठाऊक आहे, आणि ते हसत हसत सांगतात. युरोपने याची परवानगी २००८ मध्येच काढून घेतली.

मग माणसं कांद्याला घाबरतात आणि पेस्टवर हसतात, हे कसं? ती अडाणी आहेत म्हणून नव्हे. पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. लोक धोका मोजतात तो मरणाऱ्यांच्या आकड्यावरून नव्हे. गोष्ट अनोळखी आहे का, डोळ्यांना दिसते का, तिच्यावर आपला ताबा आहे का, एका फटक्यात गाव उजाड होईल का, हे ते पाहतात. किरण या प्रत्येक परीक्षेत नापास होतात. औषधाचा पंप आपल्याच खांद्यावर असतो, बटण आपल्याच बोटाखाली, वास ओळखीचा, आणि बागही त्यानेच वाचते. शिवाय औषधाने माणसं एकेकटी जातात, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दिवशी. रोज मरे त्याला कोण रडे.

याचा सगळ्यात मोठा दाखला भोपाळचा. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली २६ एप्रिल १९८६ ला. स्फोटात आणि पुढच्या काही महिन्यांत किरणांच्या माऱ्याने सुमारे तीस माणसं गेली. त्याआधी जेमतेम सतरा महिने, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळला गॅस सुटला आणि काही दिवसांत हजारो मेले. तो कारखाना कशाचा होता? कीटकनाशकाचा. सुटलेला मिथाइल आयसोसायनेट कार्बारिल बनवण्यासाठी साठवला होता, पिकांवर मारायचं औषध. चेर्नोबिल म्हटलं की अणुऊर्जा आठवते. भोपाळ म्हटलं की फवारणीचा पंप कोणाला आठवत नाही.

चेर्नोबिलचा हिशेब तीसवर संपत नाही, हेही सांगायला हवं. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसलं, गायींनी गवत खाल्लं, ते दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठलं. त्या मुलांपैकी हजारोंना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. बहुतेक वाचले, पण तो टाळता आला असता. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. काही आठवडे ते दूध मुलांना दिलं नसतं, तरी पुष्कळ भागलं असतं. सरकारने लोकांना वेळेत सांगितलंच नाही. जपानच्या फुकुशिमात २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर दूध लगेच अडवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षापासून तिथल्या भाताचं पोतं-न-पोतं तपासायला सुरुवात झाली. आपल्याकडेही २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात प्रयोगशाळेतला जुना कोबाल्ट भंगार म्हणून विकला गेला, कामगार भाजले, एकाचा जीव गेला. कोबाल्ट खेळण्याची वस्तू नाही. तो कोणाच्या हाती आहे, यावर बरंच ठरतं.

म्हणून जैतापूरच्या लोकांना "तुम्हाला विज्ञान कळत नाही" म्हणणं मला पटत नाही. राजापूर तालुक्यात सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट, असा प्रस्ताव आला तेव्हा माडबनच्या माणसांनी जमिनीचं विचारलं, साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचं विचारलं. उत्तरं मिळाली मिलिसिव्हर्टमध्ये, म्हणजे माणसाच्या अंगाला लागणाऱ्या किरणांच्या मापात. एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक माणूस गेला. नियमाने अणुकेंद्रामुळे शेजाऱ्याला वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या वर मात्रा मिळता कामा नये, आणि जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला जगात सरासरी २.४ मिळतच असते. हे आकडे खरे आहेत. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

तारापूर याच्या बरोबर उलट. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र आहे आणि बाहेरच्या माणसाला तारापूर म्हटलं की तेच दिसतं. त्याच्या शेजारी, बोईसरला, तारापूरचीच औद्योगिक वसाहत आहे, रसायनांच्या कारखान्यांनी भरलेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा तारापूर पहिलं आलं. ते या वसाहतीमुळे.

तात्यांना मी लासलगावच्या कामगारांच्या बिल्ल्याबद्दल सांगितलं. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, कोणाच्या अंगाला किती मात्रा लागली याची नोंद होते. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत हवी. किरणांची एक गोष्ट सोयीची आहे, ते मोजायला फार सोपे. औषधाचा अंश शोधायला प्रयोगशाळा लागते, दिवस लागतात, पैसे लागतात. फवारणाऱ्याच्या रक्तातलं ते विकर मोजायची तपासणीही आहे. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही औषधं नेहमी हाताळणाऱ्या शेतमजुरांची ती करावी लागते.

"आमच्याकडे बी नोंद असती," तात्या जरा दुखावून म्हणाले, आणि आतून वही घेऊन आले.

खरंच होती. २०१० मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हापासून निर्यातवाले बागायतदार नोंदीला फार पक्के झालेत. तारीख, प्लॉट, औषधाचं नाव, लिटरला किती, कशासाठी, तोडणीला किती दिवस बाकी. रॉटरडॅमच्या घासात काय जाईल याचा चोख हिशेब. शेवटचा रकाना होता 'फवारणी करणाऱ्याचं नाव'. ऑक्टोबरच्या पहिल्या ओळीत त्यांच्या सालदाराचं नाव लिहिलेलं होतं. त्याखाली पानाच्या तळापर्यंत, आणि पुढच्या पानावरही, नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा होत्या.